आठ कोनांची पितळी पट्टी

हरेश्वर, तुझ्या मयताला आलो तेव्हा मी आधी गाडीकडे पाहिलं आणि मग तुझ्याकडे. कोणाच्या लक्षात आलं नाही. तुला ओटीवर ठेवलं होतं, मुरब्याहून भावकी आली होती, गॅरेजच्या दारात चपलांचा ढीग पडला होता, आणि मी त्या गर्दीतून मान उंच करून बघत होतो ते आपल्या जुन्या विलायती एमजीचं बॉनेट बंद आहे की कोणी उघडलंय. बंद होतं. मग पुढे येऊन तुझ्या पाया पडलो. असा मी आहे. तू मला असाच अठरा वर्षं चालवून घेतलंस, म्हणून तुझ्यापासून तरी लपवत नाही.

तिरडीला खांदा दिला तेव्हाही डोक्यात एकच प्रश्न होता, गेली दहा वर्षं जो होता तोच. गाडीच्या इंजिनावरची नंबराची पितळी पट्टी तू मुंबईच्या कुणा माणसाला विकलीस की नाही? बाकी सगळं तुझ्याबद्दल मला ठाऊक होतं. तू चहात साखर किती घेतोस, कुठल्या पान्याला तू शिवी देतोस, वहिनींना घाबरून विडी कुठे लपवतोस. एवढी एक गोष्ट कळली नाही आणि तू निघून गेलास. मला राग आला होता. रडू नंतर आलं.

माझं कामच तसलं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्हच्या कारखान्यात तपासणी खात्यात जन्म गेला. समोरचा माणूस काहीतरी लपवतोय असं धरूनच दिवस सुरू करायचा, हे आमच्या खात्याचं पहिलं शिक्षण. ते कारखान्याच्या फाटकाशी सोडून घरी यायचं असतं म्हणे, मला ते जमलं नाही. बायको म्हणते, तुम्ही सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा तोलून घ्याल. तुझ्याकडे पहिल्यांदा स्कूटर दुरुस्तीला टाकली तेव्हा तू माझा चांगला प्लग काढून जुना घालशील म्हणून मी प्लगवर तांबड्या रंगाचा ठिपका देऊन आणला होता. संध्याकाळी स्कूटर घेताना तू म्हणालास, "भाऊ, प्लग साफ करताना तुमची खूण गेली व्हती. परत लावून ठेवलीय. रंग तोच नाय मिळाला, जरा फिका हाय." तुझ्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी मात्र बोईसरला घरी पोचेपर्यंत विचार करत गेलो, की खूण परत लावणारा माणूस जास्त पक्का चोर असतो का?

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी आपल्याला गाडी सापडली. डहाणूकडच्या एका चिकूच्या वाडीत कारखान्याच्या कामाने गेलो होतो. वाडीच्या मालकीणबाई म्हाताऱ्या पारशी होत्या. त्यांच्या शेडमध्ये पेंढ्याखाली काहीतरी लांब नाकाचं झाकलेलं दिसलं. पेंढा बाजूला केला तर सायकलीसारख्या तारांची उंच चाकं आणि पुढे दोन मोठे दिवे. बाईंना शेड चिकूच्या पेट्यांसाठी रिकामी हवी होती. त्या म्हणाल्या, "लई जा, घेऊन जा. पण ऊभी करून ठेवू नको. चालती कर." दुसऱ्या रविवारी तुला घेऊन गेलो. तू गाडीभोवती एकदा फिरलास, मडगार्डवर टिचकी मारलीस, आणि लाकडी चौकटीत बोट घातलंस तर बोट आरपार गेलं. वाळवीने आतून सगळं खाल्लं होतं. मला वाटलं, तू आता नाही म्हणशील. तू म्हणालास, "हिच्यात लाकूड हाय? मग ही आमच्या होड्यांतलीच."

तिचा इतिहास मी गोळा केला, तेवढं श्रेय मला दे. गाडीच्या खोक्यात भिजून फुगलेली विलायती पुस्तिका होती, ती पानं वाळवून, शब्दकोश बाजूला घेऊन मी वाचली. आणखी पुस्तकं मुंबईच्या रद्दीवाल्यांकडून मिळवली. दर रविवारी मी तुला वाचून दाखवायचो आणि तू गाडीखालून ऐकायचास. महायुद्धाआधी एमजीचं टीए मॉडेल निघालं, मग टीबी. टीबी जेमतेम रस्त्यावर आली आणि युद्ध लागलं. युद्ध संपल्या संपल्या त्यांनी आपली ही टीसी काढली. नवं काही करायला ना वेळ होता ना सामान, म्हणून जुनीच गाडी, फक्त बसायची जागा चार इंच रुंद. तू खालून म्हणालास, "घर तेच, पडवी वाढवली." सगळ्या टीसींचं स्टिअरिंग उजवीकडेच. अमेरिकेतले लोक रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालवतात, तरी हौसेने घेत. पुढची टीडी आली तिला साधी बुटकी चाकं, पण पुढच्या स्प्रिंगा मऊ, धक्के कमी. मग टीएफ, तिचं नाक मागे कललेलं आणि दिवे मडगार्डात बुडालेले. त्यानंतरच्या एमजीए गाडीला गोल गुळगुळीत अंग आलं आणि लाकडाचा सांगाडा गेला. तुला ते अजिबात आवडलं नाही. "लाकूड गेलं म्हंजे सुतार गेला," म्हणालास. आणि टीसीचे नंबर एकपासून सुरू होत नाहीत, दोनशे एक्कावन्नपासून होतात, कारण त्यांच्या कारखान्याच्या टेलिफोनचा नंबर तोच होता, असं वाचलं तेव्हा तू गाडीखालून बाहेर आलास. हातातला पाना तसाच. "म्हंजे नंबरात पन त्यांचं घर हाय," म्हणालास. हे वाक्य मी विसरलो. विसरायला नको होतं.

तो नंबरांचा मामला आपल्या गाडीवर दोन ठिकाणी होता. एक चासीवर ठोकलेला, आणि इंजिनाचा वेगळा, पितळेच्या पट्टीवर. ती पट्टी आठ कोनांची. एमजीवाल्यांना आठ कोनांचं वेडच, बिल्ला आठ कोनी, टोपण आठ कोनी. तू ती चिंचेने घासून लखलखीत केलीस आणि माझ्या हातात ठेवलीस. पुस्तिकेवर हाताने लिहिलेल्या नंबराशी मी ती तीनदा ताडून पाहिली. जुळली. जुन्या गाड्यांच्या जगात त्या जुळण्यालाच सगळी किंमत. नाहीतर गाडी म्हणजे मोडतोडीच्या बाजारातून आणून जोडलेले सुटे भाग.

सांगाडा करायला तू सातपाटीहून जगू मेस्त्रींना आणलंस. होड्या बांधणारा माणूस. त्यांनी जन्मात मोटारीचं काम केलं नव्हतं. जुन्या कुजक्या लाकडाचे तुकडे जमिनीवर मांडून त्यांनी हातानेच मापं घेतली. मी मोजपट्टी पुढे केली तर म्हणाले, "ती तुमच्याकडंच ठेवा." सरळ भाग सागाचे केले आणि वाकड्यांना बाभूळ, होडीच्या फासळ्यांना घेतात तशी. मला तेव्हा संशय होता की तुम्ही दोघं मिळून माझी गंमत करताय. तसं नाही याची खात्री पटली ती गाडी पहिल्यांदा धुतली त्या दिवशी. आपण नळी लावली आणि गप्पा मारत बसलो. थोड्या वेळाने बघतो तर सीटा तरंगायला आलेल्या. मेस्त्रींनी फरशीच्या फळ्यांमधल्या सगळ्या फटींत कापूस ठासून वरून राळ आणि तेल भरलं होतं, आणि पाणी जायला मूळ गाडीत ठेवलेली भोकं चोख बुजवली होती. मी ओरडलो. मेस्त्री शांतपणे गाडीत डोकावले.

"थेंब आत येनार नाय, मी बोल्लेलो."

"आत आलंय, मेस्त्री! बाहेर जात नाही!"

"बाहेर कशाला जाईल? मी घट्ट केलीय ना."

तू हसता हसता जमिनीवर बसलास. मग आपण तिघांनी तांब्याने पाणी उपसलं. भोकं परत पाडली तेव्हा मेस्त्रींनी तोंड फिरवलं, त्यांना ते बघवेना. हरेश्वर, एवढं हसलेलं मला त्यानंतर आठवत नाही.

चार वर्षं लागली. गाडी चालती झाली. वेगाचा काटा टीसीत चालवणाऱ्यासमोर नसतोच, तो डावीकडे बसणाऱ्यासमोर असतो. उजवीकडे इंजिनाच्या फेऱ्यांचं घड्याळ. त्यामुळे चालवायचास तू आणि किती वेगात आहोत ते मला दिसायचं. "पन्नास... पंचावन्न... हरेश्वर, साठ!" मी ओरडायचो आणि तू मुद्दाम म्हणायचास, "मला काय दिसत नाय, तुमी बघा." सातपाटीच्या रस्त्याला दर रविवारी आपण जायचो. लोक म्हणायचे, "हरेश्वरची गाडी आली." मी लगेच सांगायचो, "आमची, दोघांची." प्रत्येक वेळी. तुला ते खटकलं असेल.

आणि मग मुंबईचं ते जुन्या मोटारींचं प्रदर्शन. मीच हट्टाने नाव घातलं. सकाळपासून लोक आपल्या टीसीभोवती जमले होते. परीक्षक आले, पांढरी विजार, हातात विजेरी. बॉनेट उघडलं, वाकले, बराच वेळ वाकून राहिले. मग सरळ होऊन इंग्रजीत विचारलं, इंजिनाची नंबरपट्टी कुठे आहे? मी पुढे होऊन पाहिलं. जिथे पट्टी असायची तिथे दोन रिकामी भोकं. त्यांच्या कडा स्वच्छ, म्हणजे कोणीतरी हळुवार हाताने काढलेली. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि आपली गाडी सुटे भाग जोडून केलेल्या गाड्यांच्या रांगेत लावायला सांगितली. तिथेच गर्दीत कोणीतरी मला सांगितलं, की अशा पट्ट्या गोळा करणारा एक माणूस आहे, त्या लावून तो भलत्याच गाड्यांना अस्सल करतो. मी तुझ्याकडे बघितलं. तू दुसरीकडे बघत होतास. आणि महिन्याभरात तू दोनदा मुंबईला जाऊन आला होतास, काय काम ते न सांगता. बस, सुतावरून मी स्वर्ग गाठला.

परत येताना मनोरचा फाटा आला. मग मी विचारलं.

"पट्टी कुठे आहे?"

"गाडीतच हाय, भाऊ."

"मला दिसली नाही."

"हाय गाडीतच."

याच्यापुढे तू एक शब्द बोलला नाहीस. त्या दिवशी नाही, पुढच्या दहा वर्षांतही नाही. मी ओरडून विचारलं, गोड बोलून विचारलं, वहिनींकरवी विचारलं. खाई त्याला खवखवे, असं तुझ्या तोंडावर म्हणालो. तू पाना उचलून दुसऱ्या गाडीखाली गेलास. दुसरा कोणी असता तर त्याने मला गॅरेजची पायरी चढू दिली नसती. तू पुढच्या रविवारी मला न्यायला बोईसरला आलास, आणि मीही आपला डावीकडच्या सीटवर जाऊन बसलो. तुझ्यावर विश्वास नव्हता आणि तुझ्याशिवाय रविवार जात नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा राहतात ते मला विचारू नकोस.

आणखी एक सांगतो, लाज वाटते तरी. तू जेवायला घरात गेलास की मी गाडी तपासायचो. सीटांखाली, दिव्यांच्या मागे, हत्यारांच्या खोक्यात, डॅशबोर्डच्या पाठी हात घालून. महिनोन् महिने. एके दिवशी लक्षात आलं की जेवायला जाताना तू खोक्यावर विजेरी ठेवून जातोस. पेटती. नवे सेल घातलेली. मला वाटलं, हा मला खेळवतोय. आता वाटतं, माझे हात अंधारात पत्र्याने कापले जाऊ नयेत एवढंच तुझ्या मनात असेल. पण हे आत्ता वाटतंय हं, तू गेल्यावर. तेव्हा मी त्याच विजेरीने आणखी शोधलं.

आपलं शेवटचं भांडण तुला आठवतं? गेल्या दिवाळीनंतरचं. निघण्याआधी मी नेहमीसारखं ब्रेकचं पेडल चारदा दाबून बघितलं, चाकांखाली वाकून नळ्या बघितल्या. तू विडी विझवलीस आणि म्हणालास, "भाऊ, एक विचारू? ब्रेक मी बसवलेत. तुमी साठच्या स्पीडला माझ्या बाजूला बसता. तवा जीव माझ्या हातात देता, आन् पितळेचा तुकडा देत नाय?"

मी म्हणालो, "म्हणून तर ब्रेक तपासतो."

हे मी म्हणालो. तू गाडी सुरू केलीस. त्या दिवशी आपण चाळीसच्या वर गेलो नाही.

बाराव्याला मेस्त्री आले. आता त्यांना नीट दिसत नाही, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले. सगळे जेवून गेल्यावर वहिनींनी आम्हा दोघांना गॅरेजात नेलं आणि म्हणाल्या, "मामा, भावोजींना सांगा काय ते. हे गेले. आता किती दिवस धरून बसायचं?" मेस्त्री बराच वेळ गाडीवरून हात फिरवत राहिले. पुढच्या काचेखाली उजवीकडे जिथे लाकडी खांब आडव्या लाकडाला मिळतो, त्या सांध्यावर हात थांबला.

"हिथं हाय."

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. जुन्या होडीची नवी होडी करताना जुनीतलं काहीतरी नवीच्या सांध्यात घालायचं, ही त्यांच्या घरची रीत. खिळा, कडी, काहीही. नाहीतर ती जुनी होडी राहत नाही, भलतीच कोणीतरी होते. आपल्या गाडीचं लाकूड तर सगळंच वाळवीने खाल्लेलं, घालायला ढलपीही चांगली नव्हती. मी ताडून पाहिल्यावर ती पट्टी काही काळ इंजिनावरच होती. पण प्रदर्शनाच्या आधी तो खांब सैल झाला म्हणून मेस्त्रींनी परत खोलला, आणि तुला म्हणाले की मागच्या वेळी रीत राहिली, म्हणून सांधा बसत नाही. तेव्हा तू ती पट्टी काढून दिलीस.

"मी बोल्लो, दुसरं कायपन दे," मेस्त्री म्हणाले. "हरेश्वर बोल्ला, नाय, हिच्यात तिचं नाव हाय, घर हाय. हीच घाला. म्हंजे ती तीच राहील."

ती तीच राहावी म्हणून! अरे, ती तीच आहे हे ज्या एका तुकड्याने सिद्ध होतं, तो तू कोणालाही दिसणार नाही अशा जागी घालून लाकडाने बंद केलास. सगळ्या दुनियेतल्या टीसीवाल्यांपैकी ही चूक दुसऱ्या कोणी केली नसती.

"पण मला सांगायचं ना!" मी म्हणालो. "मीपण मालक होतो."

"मालकाच्या हयातीत सांध्यात काय घातलं त्याचं नाव काढायचं नाय. काढलं तर होडी जाते. तुमी दोघं मालक, म्हनून तर तो बोल्ला नाय." मेस्त्रींनी सांध्यावरचा हात काढून घेतला. "मी आज बोल्लो ते पन चूकच. तुमी हायत ना अजून. पन ही बाई रडते माझ्याकडं येऊन, की भावोजी त्यांना चोर समजतात."

वहिनी दाराकडे तोंड करून उभ्या होत्या. हरेश्वर, मी त्या क्षणी काय विचार केला ते ऐक. मी विचार केला, मयताच्या घरात लोक गोड खोटं बोलतात. म्हातारा आणि बाई, दोघांनी मिळून ठरवलं असेल. सांधा मी बोटाने ठोकून बघितला. भरीव आवाज आला. राळ भरली असेल तर तसाच येणार, आणि आत काही नसलं तरी तसाच येणार.

मेस्त्रींनी ते ठोकणं ऐकलं. पिशवीतून पटाशी काढून माझ्यासमोर धरली. "खोलून बघा. पन एकदा खोलला तर मी परत बसवू नाय शकत. डोळे गेले माझे."

पटाशी मी हातात घेतली. तीस वर्षं मी एकही वस्तू न बघता पास केलेली नाही. पटाशीची धार सांध्यावर ठेवली आणि तशीच धरून उभा राहिलो. मग काढून घेतली. मोठेपणा म्हणून नाही, तू तसं समजू नकोस. मला भीती वाटली. पट्टी आत नसती तर तू चोर ठरला असतास आणि तुझ्याशी भांडायला तू नाहीस. आणि असती, तर? तर तू पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतंस, आणि मी दहा वर्षं दर रविवारी तुझ्या शेजारी बसून ते खोटं मानत होतो. ते बघायची माझी छाती झाली नाही. मी पटाशी मेस्त्रींच्या पिशवीत परत ठेवली.

वहिनींनी किल्ली आणून दिली. "न्या, भावोजी. ती उभी नको."

आज चौदावा दिवस. आज रविवार. मी किल्ली घेऊन आलो, पुढून मागे उलटं उघडणारं दार उघडलं आणि पहिल्यांदाच उजवीकडे बसलो. गाडी एका किल्लीत सुरू झाली, म्हणजे तू जायच्या आदल्या दिवसापर्यंत तिची काळजी घेत होतास. पालघर मागे टाकून सातपाटीच्या रस्त्याला लागलो. आपण किती वेगात आहोत ते कळेना. काटा डावीकडे, त्याच्यासमोर कोणी नाही, आणि मान वळवून बघायचा मला धीर होईना. इंजिनाचा आवाज चढत गेला. चढू दिला.

वळणावर मासळीच्या पाट्या घेतलेल्या बाया एसटीतून उतरून एकदम रस्त्यावर आल्या. चार-पाच जणी. मी पाय दाबला.

गाडी त्यांच्यापासून हातभर अलीकडे थांबली, सरळ, जराही न सरकता. एकीच्या पाटीतून दोन बोंबील खाली पडले. तिने ते उचलले, मला शिवी देणार होती, मग गाडी ओळखली आणि तिचा आवाज उतरला.

"हरेश्वरची गाडी ना ही?"

"हो," मी म्हणालो. "त्याचीच."

त्या बाजूला झाल्या तरी मी तिथेच थांबलो होतो, पाय पेडलवर तसाच. हरेश्वर, निघताना मी ब्रेक तपासले नव्हते.